बिनतारी शाळेचे गुरुजी

रेडिओ तुम्ही ऐकला आहे. त्यावर गाणी लागतात, बातम्या लागतात. पण त्या रेडिओला आपल्याला उलट बोलता येत नाही. काही माणसांच्या घरी मात्र असे यंत्र असते, की त्यावर ऐकताही येते आणि बोलताही येते. मध्ये तार नाही की खांब नाही. अशा माणसांना 'हॅम' म्हणतात. हौशी बिनतारीवाले म्हणा ना! हे काम निव्वळ हौसेचे. यावरून धंद्याचे निरोप पाठवता येत नाहीत.

पण कोणीही उठावे आणि बोलावे, असे नाही. आधी परीक्षा द्यावी लागते. मग केंद्र सरकारचा परवाना मिळतो आणि त्याबरोबर एक खुणेचे नाव मिळते. आपल्याकडची पुष्कळ नावे 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. बोलताना हे नाव सांगावेच लागते.

नवा माणूस इथेच अडतो. पुस्तक वाचून परीक्षा पास होतो, पण यंत्रापुढे बसला की घसा कोरडा पडतो. आपण चुकलो तर लोक हसतील, असे वाटते. पहिल्या दिवशी पाटी हातात घेतली, तेव्हा तुम्हांलाही असेच वाटले होते ना?

अशा वेळी जुना हॅम मदतीला येतो. शेजारी बसवून आधी नुसते ऐकायला लावतो. अँटेना उंच कशी बांधावी, विजेच्या तारांपासून ती दूर का ठेवावी, हे स्वतः करून दाखवतो. मोर्सची लिपी शिकवतो. ही कानाची बाराखडी. एक आखूड आवाज म्हणजे इंग्रजी 'ई', एक लांब आवाज म्हणजे 'टी'. नवख्याने पहिली हाक घातली, की आपण होऊन उत्तर देतो. हाकेला ओ मिळाली, की निम्मी भीती तिथेच पळते.

अमेरिकेत अशा गुरुजींना 'एल्मर' म्हणतात. एल्मर नावाच्या एका हॅमने अनेक नवख्यांना हात दिला होता. १९७१ साली एका मासिकात त्यांच्याविषयी लिहून आले आणि पुढे तेच नाव रूढ झाले.

एवढी खटपट कशासाठी? २००४ सालची गोष्ट ऐका. दिल्लीच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सोबती रेडिओ घेऊन अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामीच्या लाटा आल्या. टेलिफोन बंद पडले. तेव्हा या मंडळींनी रेडिओवरून लोकांच्या खुशालीचे निरोप त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचवले. नुसते यंत्र असून भागले नसते. ते चालवणारा शिकलेला हात तिथे होता, म्हणून काम झाले. संकट दारात आल्यावर शिकायला वेळ नसतो.

माझा जन्म शाळेत गेला. एक गोष्ट मला कळली. शिकवणारा नुसता हुशार असून चालत नाही. आपणही एके काळी अडखळलो होतो, हे त्याला आठवले पाहिजे.

तुम्हांला आता वाचता येते. शेजारी कोणी अडला असेल, तर घटकाभर त्याच्याजवळ बसा.