उपेक्षित पक्ष्माभिका

गेल्या वर्षी कोंबडीच्या भ्रूणाचे प्रात्यक्षिक पदवीच्या अभ्यासक्रमातून वगळल्याचा हुकूम आमच्या महाविद्यालयात येऊन पोचला, आणि त्यावरील ‘उपयुक्तता नाही’ हा शेरा वाचून मन विषण्ण झाले. कारण अशाच शेऱ्याखाली जी पक्ष्माभिका, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील केसासारखा सूक्ष्म तंतू, शतकभर उपेक्षित राहिली, तिनेच जबड्याच्या घडणीचे कोडे उकलण्याची वाट दाखविली, आणि ते मी माझ्या अध्यापनकाळात घडताना पाहिले आहे.

पेशीगणिक एकच असणारी ही निश्चल पक्ष्माभिका झिमरमान यांनी १८९८ साली सस्तन प्राण्यांत वर्णिली. १९६८ मध्ये सोरोकिन यांनी तिला ‘प्राथमिक’ हे विशेषण दिले. मधल्या काळात बहुतेकांनी तिला उत्क्रांतीचा निरुपयोगी अवशेष मानले, यापलीकडे सांगण्याजोगे फारसे नाही.

परंतु २००० नंतरचे दशक! येल येथे रोझेनबाउम यांच्या प्रयोगशाळेत क्लॅमिडोमोनास या यःकश्चित शैवलाच्या, पक्ष्माभिकेसारख्याच घडणीच्या कशाभिकेत प्रथिनांची ने-आण १९९३ मध्येच दिसली होती. त्या वाहतुकीतील एका प्रथिनाचे जनुक उंदरात बिघडले असता मूत्रपिंडांत पुटी होतात, हे २००० साली उमगले. आणि २००३ मध्ये, कोणते जनुक सापडेल याची पूर्वकल्पना न धरता उंदरांचे विकृत भ्रूण वर्षानुवर्षे निरखणाऱ्या कॅथरिन अँडरसन व त्यांची विद्यार्थिनी हुआंगफू यांनी, भ्रूणाच्या घडणीतील हेजहॉग नामक संकेत पेशीला याच वाहतुकीवाचून उमजत नाही, हे सिद्ध केले. ग्रंथालयात नवा अंक येताच त्यावर तुटून पडणारे विद्यार्थी तेव्हा होते. आता त्या नियतकालिकांची वर्गणीही बंद झाली. त्याच सुमारास या विषयाला पाठ्यपुस्तकात अर्धे पान मिळावे म्हणून मी केलेला अर्ज अभ्यास मंडळाने, परीक्षेत विचारले जात नाही या सबबीवर, नामंजूर केला होता; त्याची सल अद्याप गेलेली नाही. अँडरसनबाई २०२० साली निवर्तल्या. आमच्याकडे त्यांचे नाव कोणी उच्चारले नाही.

आता जबड्याकडे वळू. भ्रूणात भावी मेंदूच्या कडेवरून निघालेल्या चेताशिखेच्या पेशी पहिल्या ग्रसनी-चापात उतरून मेकेलची कूर्चा व खालच्या जबड्याचे अस्थी घडवितात, आणि कधी वाढावे, कधी थांबून परिपक्व व्हावे, हे ठरविणारे काही संकेत त्यांना पक्ष्माभिकेच्या द्वारे मिळतात. सिनसिनाटीच्या सामंथा ब्रुगमन यांच्या गटाने २०२१ मध्ये ‘टॅल्पिड-२’ या उत्परिवर्ती कोंबडीच्या भ्रूणांत (होय, कोंबडीच्याच!) दाखविले की, पक्ष्माभिका सदोष असता या पेशी बेसुमार विभाजन पावतात, परंतु अस्थिजनक पेशींची परिपक्वता अर्ध्यावर राहते, अस्थीची भर व झीज यांचा तोल ढळतो, आणि जबडा खुजा राहतो.

असा जबडा घेऊन जन्मलेल्या अर्भकाला दूध ओढणे, श्वास घेणेही कठीण जाते, आणि उपचाराचे मार्ग अत्यंत मोजके आहेत. अस्थीची ही झीज औषधाने रोखता येईल काय, हा प्रश्न आता कोठे उभा राहिला आहे. तो समजण्यापुरती भ्रूणविद्या आमच्या पदवीधरांनी यापुढे कोठे शिकावी, याचा खुलासा अभ्यास मंडळाने केला पाहिजे.