एका कागदाची आठ पानी पुस्तिका

ए४ कागदाच्या एकाच बाजूला छापून आठ पानांची खिशात मावणारी पुस्तिका करता येते. कागद आडवा धरून त्याचे आठ चौकोन पाडायचे. खालच्या ओळीत डावीकडून ६, ७, ८, १ ही पाने सुलट. वरच्या ओळीत ५, ४, ३, २ ही पाने उलटी. घडीनंतर वरची ओळ फिरते, म्हणून ती उलटी छापावी लागते.

लेटेक या अक्षरजुळणीच्या संगणक-प्रणालीतले ‘पीडीएफपेजेस’ पॅकेज तयार पीडीएफची पाने हव्या त्या क्रमाने, फिरवून एका कागदावर बसवते. मजकुराची पाने मात्र आधीच ए७ आकारात, म्हणजे ७४ × १०५ मिमी, जुळवावीत. नाहीतर अक्षरे बारीक होतात. छापल्यावर चौकोनांच्या रेषांवर घड्या घालून मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन रकान्यांपुरती चीर द्यायची. कागद त्या घडीवर लांबीत दुमडून दोन्ही टोके आत ढकलली, की पाने क्रमाने लागतात. पिन लागत नाही.