पिकवलेलं फुकट नसतं

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही झाली आणि घराघरांत एकच चौकशी सुरू झाली : आमच्या पोराचा गेम त्यात येतो का? अहिल्यानगरच्या सावेडीत पाइपलाइन रोडला राहणाऱ्या माझ्या ताईनेही त्यासाठीच फोन केला होता. भाचा अकरावीत. रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटरपुढे असतो, शेजारी वही उघडी असते आणि वहीत नुसते आकडे. "सट्ट्याचं तर नाही ना रे हे?" ताईच्या आवाजात काळजी होती.

रविवारी जाऊन वही पाहिली. सट्टा नव्हता. कायद्याचा कटाक्ष आहे तो पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेवर. इथे एकदा विकत घेतलेला खेळ होता आणि त्यातली नाणी त्या खेळाबाहेर कुठेच चालत नाहीत. वहीत होता तो चक्क जमाखर्च, आणि तो इतका नेटका होता की मी दुपारचं जेवण होऊनही उठलो नाही.

खेळाचं नाव स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चित्रांपासून संगीतापर्यंत सगळं स्वतः करून २०१६ मध्ये तो बाजारात आणला. आजोबांची पडीक शेती नातवाच्या वाट्याला येते, तिथून सुरुवात. पेरा, पाणी घाला, काढा, विका. थोडे पैसे आले की प्रक्रिया उद्योग उभा करता येतो : दुधाचं चीज, अंड्यांचं मेयोनीज, फळांचा जाम, फळांची वाइन. कच्चं विकावं की पक्कं करून विकावं, हाच सगळा प्रश्न. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न कोणत्या घरात नाही?

वहीच्या एका पानावर स्टारफ्रूट होतं, म्हणजे आपलं कमरख. बी ४०० नाण्यांना मिळतं. तेरा दिवसांनी येणारं फळ तसंच विकलं तर ७५०. पिंपात घालून वाइन केली तर २,२५०, पण पिंप सात दिवस अडकतं. बरणीत जाम केला तर १,५५०, आणि बरणी साधारण तीन दिवसांत मोकळी होते. सांगा, काय करावं? मी पटकन "वाइन" म्हणालो. भाच्याने मान हलवली. "मामा, तू २,२५० मधून ४०० वजा केलेस ना? तिथंच चुकतं."

वाइनला लागलेलं फळ ४०० चं नाही, ७५० चं आहे, कारण आत्ता बाजारात नेलं तर तेवढे मिळतात. बी घेऊन फळ काढण्यातली ३५० ची कमाई शेताची. पिंपाची कमाई फक्त पुढचे १,५००. ती सात दिवसांवर वाटली की रोजचे साधारण २१४. जामची वरकड कमाई ८००, तीन दिवसांवर वाटली की रोजचे २६७ च्या घरात. म्हणजे फळं मोजकी आणि भांडी भरपूर असतील तर वाइन करावी, कारण एकेका फळामागे तीच जास्त देते. उलट फळांचा ढीग पडलाय आणि भांडी मोजकी आहेत, तर जाम. अडतंय कुठे ते आधी शोधायचं आणि त्या अडलेल्या जागेच्या एका दिवसाची किंमत काढायची. कारखान्याचं नियोजन करणारे इंजिनियर हेच करतात. हा मुलगा ते कोणी न शिकवता करत होता.

हे सगळं हाताने करणारे थोडेच. बरेच खेळाडू तयार कॅल्क्युलेटर वापरतात, आणि त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. पेढ्याचं उदाहरण घेऊ. पेढ्याला खवा आणि साखर लागते. खवा विकत घ्यावा की घरी आटवावा? एक किलो खव्याला म्हशीचं साधारण पाच लिटर दूध लागतं, वर गॅस आणि ढवळत उभं राहणं. दोन्हींतलं जे स्वस्त तो खव्याचा भाव धरायचा. मग दुधाकडे वळायचं : विकत घ्यावं की गोठ्यातलं? पुन्हा तीच तुलना. कॅल्क्युलेटर असाच एकेक पायरी खाली उतरतो, प्रत्येक ठिकाणी "घ्यावं की करावं" विचारतो आणि सगळे भाव घेऊन वर येतो. मोठ्या खेळांत एका तलवारीसाठी अशा कितीतरी पायऱ्या असू शकतात.

स्टारड्यूमध्ये भाव ठरलेले असतात. हजारो माणसं एकाच बाजारात देवघेव करतात त्या खेळांत हिशेब जास्त कडक होतो. गिल्ड वॉर्स २ मध्ये माल मांडताना ५ टक्के आणि विकल्यावर १० टक्के कापले जातात. शंभराला विकलं तर हातात पंच्याऐंशी. माल नव्वदला घेऊन शंभराला विकणारा प्रत्येक सौद्यात पाच घालवतो आणि त्याला वाटतं आपण दहा कमावले. आडत, हमाली, तोलाई ज्याच्या घरात पट्टीवर वाचली गेली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये ही कपात २ टक्के आहे, शिवाय दर चार तासांत एखादा माल किती घेता येईल याला मर्यादा आहे. कागदावरचा नफा कितीही दिसो, तेवढाच माल हाताला लागतो.

आणखी एक गोष्ट कॅल्क्युलेटर दाखवत नाही. तुम्हाला दिसलेली फायद्याची कृती त्याच क्षणी आणखी हजारो जणांनाही दिसलेली असते. सगळे तोच माल करू लागतात, कच्चा माल चढतो, पक्का पडतो. नेप्तीच्या उपबाजारात कांद्याच्या गाड्या ज्याने पाहिल्यात त्याला पुढचं माहीत आहे. भाच्याने यावर एक साधा नियम केलाय : कॅल्क्युलेटरच्या यादीतल्या सर्वांत फायद्याच्या पहिल्या पाच कृती सोडायच्या, आणि रोज किती नग खपतात ते पाहिल्याशिवाय काही करायचं नाही.

पण मला खरं बोलायचंय ते वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या वाक्याबद्दल. "पिकवलेलं फुकट नसतं." हे त्याने ईव्ह ऑनलाइन या दुसऱ्या खेळातून उचललंय. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा, २००३ पासून चालू असलेला हा अंतराळातला खेळ. त्यातली जवळजवळ सगळी जहाजं खेळाडूच बांधतात, त्यासाठी लागणारी खनिजं खेळाडूच खणतात. नवा खेळाडू म्हणतो, खनिज मी स्वतः खणलं, म्हणून मला ते फुकट पडलं. मग खनिजाच्या बाजारभावापेक्षाही कमी किमतीला तो जहाज विकतो आणि फायदा झाला म्हणून खूश होतो. ते खनिज तसंच विकलं असतं तर जास्त मिळालं असतं, शिवाय जहाज बांधण्याचा वेळ वाचला असता. जुनेजाणते खेळाडू नवख्यांना पहिला धडा हाच देतात. या खेळाची बाजारपेठ एवढी वाढली की कंपनीने २००७ मध्ये एयोल्फुर गुडमुंडसन हा अर्थशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला. महागाई, उत्पादन, व्यापार यांचे अहवाल तो खेळाडूंसाठी काढू लागला. पुढे २०१४ मध्ये तो अकुरेरी विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे कुलगुरू झाला. खेळाला अर्थशास्त्रज्ञ लागतो याची त्याच्या नेमणुकीच्या वेळी जगभर बातमी झाली होती.

मला त्या नेमणुकीबद्दल वाचताना धनंजयराव गाडगीळ आठवले. आपल्या जिल्ह्यात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना जमवून साखर कारखाना उभा करायचं ठरवलं, तेव्हा अध्यक्षपदी बसवला तो अर्थशास्त्रज्ञ. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे १९३० पासूनचे संचालक, केंब्रिजला शिकलेले, पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेले गाडगीळ. वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची त्यांची पाहणी १९४० मध्येच प्रसिद्ध झाली होती. शेतकऱ्याच्या घरात पैसा कुठून येतो नि कुठे जातो हे त्यांनी बांधावरून तपासलं होतं. १९५०-५१ च्या हंगामात लोणीचं गाळप सुरू झालं. ऊस गुऱ्हाळाला घालावा, विकावा की स्वतःच्या कारखान्यात साखर करावी, हा प्रश्न त्या शेतकऱ्यांनी अर्थशास्त्रज्ञाला शेजारी बसवून सोडवला. आइसलँडच्या साडेपाच दशकं आधी. या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत ही गोष्ट सांगितली जायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

साखर कारखान्याचं गणित आजही त्या वहीसारखंच आहे. एक टन उसातून शंभर-एकशेदहा किलो साखर, चाळीसेक किलो मळी, शिवाय बगॅस. रस सरळ इथेनॉलकडे वळवावा, थोडी साखर राखलेली बी हेवी मळी वळवावी की सगळी साखर काढून उरलेली मळी? तिन्हींचे भाव वेगळे. आणि इथेही खेळासारखे नियम मध्येच बदलतात. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, तीही हंगाम सुरू असताना. ज्यांनी कर्ज काढून नवे प्रकल्प उभे केले होते त्यांचा हिशेब एका पत्राने मोडला. निर्बंध पुढच्या हंगामासाठी उठले, पण कर्जाचं व्याज मधल्या काळात थांबलेलं नव्हतं. खेळातला नियम बदलला तर खेळाडू एक दिवस चिडतो. इथे उसाचं बिल लांबतं.

आता वहीच्या पहिल्या पानावरच्या त्या वाक्याकडे पुन्हा येतो. आपल्या शेतकरी घरांत घरचं बी, घरचं शेण, घरचे हात आणि घरची जमीन हे सगळं शून्य धरलं जातं. सरकारचा कृषी खर्च व मूल्य आयोग मात्र तीन रकाने मांडतो. ए२ म्हणजे खिशातून गेलेला खर्च. ए२ अधिक एफएल म्हणजे त्यात घरच्यांची मजुरी. सी२ म्हणजे त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याजही. २०२५-२६ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला, तो ए२ अधिक एफएल धरून काढलेल्या ३,५५२ रुपयांच्या बरोबर दीडपट. शेतकरी संघटना दीडपट मागतात ती सी२ वर. स्वतःची जमीन दुसऱ्याला खंडाने दिली असती तर पैसे आले असते, मग ती खर्चात का धरायची नाही? मला हा प्रश्न रास्त वाटतो. जहाज बांधणाऱ्या पोराला खनिजाचा भाव धरायला आपण लावतो, तर सोयाबीन पिकवणाऱ्याला रानाचा खंड धरू द्यायला काय हरकत आहे?

अर्थात, खेळातली सगळीच कमाई निरागस नसते. खेळातलं सोनं खऱ्या रुपयांना विकणारे असतात. बहुतेक कंपन्यांच्या नियमांत त्याला मनाई आहे, आणि तिथे फसवणूक फार होते. भाच्याला ते मी स्पष्ट बजावलंय. रात्री अकरानंतर कॉम्प्युटर बंद, हे ताईने बजावलंय.

त्या दुपारी ताईने चहा आणला आणि वहीकडे पाहत म्हणाली, "मलाही असं करून दे." ती दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. तिचा हिशेब म्हणजे किराणा, तेल आणि सिलिंडर. विक्रीतून ते वजा केलं की झाला नफा. भाच्याने नवीन पान काढून रकाने आखले : चिवडा, चकली, शेव, अनारसे, बेसनाचे लाडू. प्रत्येकापुढे सामानाचा खर्च, मग "कढई किती वेळ अडकते", मग "आईचे तास". कढई एकच मोठी आहे, शेगडीही एकच, तेव्हा अडतं ते तिथे. चिवडा भराभर होतो, कढई लवकर सुटते. अनारशांचं पीठच तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचं, आणि तळताना एकेक सांभाळावा लागतो. आकडे भरत गेले तसे अनारसे खाली खाली गेले आणि शेवटी तळाला आले.

"मग अनारसे बंद कर," तो म्हणाला.

"अनारसे घेणाऱ्या बायकाच बाकीचा सगळा फराळ घेतात. बंद कसे करू?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग अनारशांपुढे त्याने एक बाण काढून चकली आणि लाडवांशी जोडला. "आईचे तास" हा रकाना अजून रिकामाच होता. तासाला किती धरायचे, त्याने विचारलं. ताई म्हणाली, "माझं काय धरायचं त्यात." त्याने पहिलं पान उलटून तिच्यापुढे धरलं. तिने ते वाचलं. मागच्या वर्षी हाताखाली आलेल्या मावशींना दिवसाची किती मजुरी दिली होती ते आठवलं, आठ तासांनी भागलं आणि पेन्सिलीने तेवढाच आकडा स्वतःपुढे लिहिला. मग खोडला, आणि थोडा वाढवून पुन्हा लिहिला.