आपलें मत दुसऱ्यानें दिलें तर?

आपल्या नांवावर कोणी तोतया आधींच मत देऊन गेला, असें मतदानकेंद्रावर कळतांच पुष्कळ सुशिक्षितही निमूटपणें घरीं परततात. आम्ही यास सभ्यपणा म्हणत नाहीं. हा हक्काचा त्याग होय. १९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणें केंद्राध्यक्षाच्या प्रश्नांस समाधानकारक उत्तरें देणाऱ्या मतदारास ‘प्रदत्त मतपत्रिका’ मिळते. ती नेहमींच्या मोजणींत धरीत नाहींत. परंतु निराळ्या पाकिटांत राखलेली असल्यानें वाद न्यायालयांत गेल्यास उपयोगीं पडूं शकते. एका मतानें काय होतें? २००८ सालीं राजस्थानांत नाथद्वारा येथें निकाल एकाच मताच्या अंतरानें जाहीर झाला! म्हणून दिवंगत वडीलधाऱ्यांचीं व सासरीं गेलेल्या मुलींचीं नांवें यादींतून वेळींच कमी करवावीं, अशी आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे. तोतयास असलींच नांवें सोयीचीं पडतात.