विंडोचे रंग आणि दृश्यमानता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणकाच्या पडद्यावर एकावर एक उघडलेल्या विंडोंपैकी चालू विंडो कोणती आणि तिची कड कोठे संपते, हे कमी दिसणाऱ्या व्यक्तीला चटकन उमगत नसले, की उपाय म्हणून बहुधा भडक रंग निवडला जातो. परंतु रंग जितका भडक तितके अक्षर स्पष्ट, ही समजूत चुकीची आहे; बारीक अक्षर वाचता येते ते मुख्यतः अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकामुळे, म्हणजेच कॉन्ट्रास्टमुळे. हा फरक गुणोत्तराने मोजतात आणि पांढऱ्यावर काळे अक्षर असता ते २१ : १ इतके, म्हणजे कमाल असते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मार्गदर्शक तत्त्वे वेबपानांसाठी असली तरी येथेही उपयोगी पडतात, आणि त्यांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ : १, तर अधिक कडक निकषाने ७ : १ गुणोत्तर लागते. या हिशेबात उजळपणातील हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ टक्के आणि निळ्याचा अवघा ७ टक्के धरला जात असल्यामुळे पांढऱ्यावरील शुद्ध निळ्या अक्षराचे गुणोत्तर ८.६ : १ भरते, शुद्ध पिवळ्याचे मात्र १.१ : १ देखील भरत नाही; शुद्ध निळ्या पट्टीवरील शुद्ध तांबडे अक्षर कितीही उठावदार वाटले तरी २.२ : १ च्या आतच राहते. अनुस्वाराच्या एका टिंबाने अर्थ बदलणाऱ्या देवनागरीच्या वाचकाने तर ही आकडेवारी विशेष ध्यानात ठेवावी.

विंडोज प्रणालीत अ‍ॅक्सेंट कलर, म्हणजे सजावटीचा मुख्य रंग, निवडला की सर्व विंडो रंगतात, हाही गैरसमजच आहे. विंडोज ७ पर्यंतच्या क्लासिक थीममध्ये चालू व निष्क्रिय विंडोची शीर्षकपट्टी, मेनू, कड अशा प्रत्येक भागाचा रंग स्वतंत्रपणे ठरवता येत असे. विंडोज ८ मध्ये ती सोय काढली गेली, आणि २०१५ च्या जुलैत आलेल्या विंडोज १० मध्ये तर शीर्षकपट्ट्या सरसकट पांढऱ्या होत्या, ज्यांना रंग देण्याची मुभा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील अद्ययावत आवृत्तीने परत दिली. आजही सेटिंग्जमधील रंगांच्या पानावर शीर्षकपट्टी आणि कडेला अ‍ॅक्सेंट कलर देण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो, आणि तो चालू केल्यावरही आपली शीर्षकपट्टी स्वतःच रेखाटणारे अनेक ब्राउझर व इतर प्रोग्राम त्याला जुमानतीलच असे नाही.

डार्क मोड, म्हणजे गडद पार्श्वभूमीवर उजळ अक्षरे, डोळ्यांना नेहमीच हितकर असतो, हे विधानही सरसकट खरे नाही. उजळ पार्श्वभूमीवर बाहुली आकुंचन पावते आणि त्यामुळे प्रतिमा अधिक रेखीव उमटते, तर गडद पार्श्वभूमीवर ती विस्फारत असल्याने दृष्टिवैषम्य असलेल्यांना पांढऱ्या अक्षरांच्या कडा पसरलेल्या भासू शकतात. उलट मोतीबिंदूमुळे प्रकाश विखुरून ज्यांचे डोळे दिपतात, त्यांना गडद पार्श्वभूमीच सोयीची ठरते. शिवाय गडद विंडोची सावली गडद पडद्यावर दिसत नाही, आणि तेथे कडेचा रंग ही केवळ हौस न राहता गरज होते.

डार्क मोड आणि कॉन्ट्रास्ट थीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज ११ मधील अक्वॅटिक, डेझर्ट, डस्क आणि नाइट स्काय या चार कॉन्ट्रास्ट थीमपैकी डेझर्टची पार्श्वभूमी उजळ आहे, आणि प्रत्येकीत पार्श्वभूमी, मजकूर, दुवे, निष्क्रिय मजकूर, निवडलेला मजकूर व बटणे यांचे रंग बदलून घेता येतात. कॉन्ट्रास्ट थीम प्रोग्रामच्या व वेबपानांच्या मूळ रंगांच्या जागी आपले मोजके रंग बसवते. म्हणून ज्या ठिकाणी माहिती केवळ रंगानेच सांगितलेली असते, तेथे ती हरवू शकते, आणि अशा वेळी डावीकडील अल्ट, डावीकडील शिफ्ट व प्रिंट स्क्रीन या कळा एकत्र दाबून थीम तेवढ्यापुरती बंद करता येते.