डेटा अॅनालिटिक्स : सर्टिफिकेटच्या आधी हिशेबाची नजर हवी

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक आम्हा शिक्षकांकडे सल्ला विचारायला येतात. अलीकडे त्यांच्या तोंडी एक नवा प्रश्न असतो, “डेटा अॅनालिटिक्सचा कोर्स लावायचा का? फी बरीच आहे, पण नोकरीची गॅरंटी देतात.” कोणी दागिने मोडायच्या तयारीत असतो, कोणी व्याजी कर्ज काढायच्या. म्हणून हा विषय नेमका काय आहे, कोणत्या क्रमाने शिकावा आणि कामावर कसा वापरावा, हे साध्या भाषेत सांगणे आम्हाला गरजेचे वाटते.

म्हणजे नेमके काय?

दुकानाची खातेवही, शाळेचा हजेरीपट, दवाखान्यातले केसपेपर, जमातीच्या चंद्याची पावती, हा सगळा डेटाच. सूरह बकरहच्या २८२व्या आयतीत मुदतीचा कर्जव्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. म्हणजे नोंद ठेवणे आपल्याला नवे नाही. नवे आहे ते त्या नोंदींना प्रश्न विचारणे.

“काय झाले?” या प्रश्नाचे उत्तर बिझनेस इंटेलिजन्स देते. कोणत्या महिन्यात किती विक्री झाली, कोणती शाखा मागे पडली, हे तक्ते आणि आलेख एकाच पडद्यावर मांडतात. त्याला डॅशबोर्ड म्हणतात. “असे का झाले, आणि पुढे काय होईल?” हे शोधणे म्हणजे अॅनालिटिक्स. कंपन्यांमध्ये ही दोन्ही कामे बहुतेक वेळा एकच माणूस करतो.

एक उदाहरण : एप्रिलची विक्री का पडली?

समजा, एका मुस्लिम वस्तीत कपड्याचे दुकान आहे. मार्च २०२४ मध्ये ६ लाखांची आणि एप्रिलमध्ये ९ लाखांची विक्री झाली. पुढच्या वर्षी, मार्च २०२५ मध्ये साडेदहा लाख आणि एप्रिलमध्ये ५ लाख. डॅशबोर्ड एप्रिलची एप्रिलशी तुलना करतो आणि लाल बाण दाखवतो : विक्री ४४ टक्क्यांनी घसरली! मालक घाबरतो, माल कमी मागवतो, एखाद्या पोराला कामावरून कमीही करतो.

पण आपल्या घरातली कोणतीही अम्मी याचे कारण सांगेल. आपल्याकडे २०२४ साली ईद ११ एप्रिलला होती आणि २०२५ साली ३१ मार्चला. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. ईदची खरेदी एप्रिलमधून मार्चमध्ये सरकली, एवढेच. दोन्ही महिने मिळून पाहा : आधी १५ लाख, नंतर साडेपंधरा लाख. धंदा घटला नाही, थोडा वाढलाच.

उपाय सोपा आहे. तक्त्यात तारखेशेजारी हिजरी महिन्याचा एक रकाना वाढवायचा आणि रमजानची तुलना रमजानशी करायची. सॉफ्टवेअरला हे आपोआप सुचत नाही. ते सुचते धंदा आणि वस्ती ओळखणाऱ्या माणसाला. आम्हाला जे सांगायचे आहे ते हेच. साधन काही महिन्यांत शिकता येते, पण कामाची जाण वर्षानुवर्षे मुरावी लागते, आणि ती आपल्या बेकऱ्या, गॅरेज, भंगार आणि कापडाच्या दुकानांत आधीपासून आहे. दोन्ही एकत्र आले की खरा अॅनालिस्ट तयार होतो.

सरासरीवर थांबू नका

सच्चर समितीचा २००६ चा अहवाल आपण भाषणांत नेहमी ऐकतो. त्या काळातली जनगणना, म्हणजे २००१ ची, घ्या. देशातल्या मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के होती. पण तोच तक्ता राज्यवार पाहिला तर महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के दिसते. मग आपल्याकडे प्रश्न “मुले शाळेत येतात का?” एवढाच राहत नाही. “आलेली मुले कितव्या इयत्तेत गळतात?” हा होतो. प्रश्न बदलला की उपायही बदलतो. एकाच आकड्याचे असे तुकडे करून पाहणे हा अॅनालिटिक्सचा पहिला धडा आहे.

कोणत्या क्रमाने शिकावे?

पहिली पायरी एक्सेल किंवा गुगल शीट्स. सॉर्ट, फिल्टर, बेरजेची सूत्रे, व्हीलुकअप आणि मुख्य म्हणजे पिव्होट टेबल. हजार ओळींच्या नोंदीतून महिनावार किंवा मालवार बेरीज पिव्होट टेबल एका मिनिटात काढून देतो. एवढे पक्के झाले तरी ऑफिसात मान वाढतो.

दुसरी पायरी डेटा साफ करणे. यातच सर्वात जास्त वेळ जातो. आपल्या नावांचेच पाहा. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन-चार स्पेलिंगने लिहितात. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे ‘मोहद’, कुठे नुसते ‘एमडी’. माणूस एक असतो, पण कॉम्प्युटर तीन गिऱ्हाईके मोजतो. अशा वेळी मोबाइल नंबर किंवा ग्राहक क्रमांकावरून नोंदी जुळवाव्या लागतात.

तिसरी पायरी एसक्यूएल. मोठ्या कंपन्यांची माहिती डेटाबेसमध्ये असते आणि ती मागण्याची ही भाषा. मायएसक्यूएल फुकट मिळते. चौथी पायरी पॉवर बीआय. त्याची डेस्कटॉप आवृत्तीही फुकट आहे, मात्र ती विंडोजवरच चालते. मोबाइलवर हे शिकणे जमत नाही, घरात एक बरा जुना लॅपटॉप तरी हवाच. पायथन त्यानंतर, घाई नको.

फी भरण्याआधी

शिकण्याचे बरेच साहित्य मोफत आहे. मायक्रोसॉफ्ट लर्नवर पॉवर बीआयचे धडे आहेत. केंद्र सरकारच्या स्वयं पोर्टलवर कोर्स फुकट करता येतात, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच फी. पदवीच हवी असेल तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बीएस कोर्स आहे. तो ऑनलाइन शिकवतात, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. त्यासाठी जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची पात्रता फेरी पार करावी लागते. घरापासून लांब पाठवता येत नाही म्हणून ज्या मुलींची तालीम थांबते, त्यांच्या पालकांनी याची जरूर चौकशी करावी.

क्लास लावायचाच असेल तर दोन प्रश्न विचारा. शिकवणाऱ्याने स्वतः हे काम कुठे केले आहे? आणि नोकरीची गॅरंटी लेखी देता का, नोकरी लागली नाही तर पैसे परत मिळतील का? उत्तर देताना कोणी चाचरला तर घरी परत या.

शिकलेले कामावर लावा

मुलाखतीत सर्टिफिकेटपेक्षा “तुम्ही काय केले ते दाखवा” याला वजन असते. मग घरापासून सुरुवात करा. चाचांच्या बेकरीची तीन महिन्यांची बिले एक्सेलमध्ये भरा. कोणत्या दिवशी पाव उरतो, उधारी कोणाकडे किती दिवस अडकते, ते काढा. रोजचे वीस पाव वाया जाणे थांबले तरी तो तुमचा पहिला प्रकल्प. आधीच कुठे क्लार्क किंवा अकाउंटंट असाल तर साहेबांनी मागण्याआधी महिन्याचा एक पानी तक्ता करून द्या. शिक्षकांनाही हे लागू आहे. यू-डायसची माहिती आपण दरवर्षी भरून वर पाठवतो. तीच माहिती आणि हजेरीपट एकत्र ठेवून पाहिले तर कोणते मूल शाळा सोडण्याच्या वाटेवर आहे, ते वेळीच कळू शकते.

एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवा. दुसऱ्याचा डेटा ही अमानत आहे. ऑफिसची फाइल पेनड्राइव्हवर घरी आणायची नाही, आणि आपले काम दाखवताना ग्राहकांची नावे व नंबर काढून टाकायचे. २०२३ पासून देशात व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदाही झाला आहे. तसेच साहेबांना खूश करण्यासाठी आलेख फुगवून दाखवणे, हे मापात पाप करण्यासारखेच आहे.

या सुट्टीत मुलांच्या हातात दुकानाची वही आणि लॅपटॉप दोन्ही द्या. एक तक्ता त्यांनी बनवावा, एक प्रश्न तुम्ही विचारावा. फी भरायची की नाही, हे त्यानंतर ठरवा. अल्लाह आपल्या मुलांच्या मेहनतीत बरकत देवो. आमीन.