रग्बी, परदेशी विद्यार्थी आणि निवासी शाळेचे उत्तरदायित्व

गतवर्षी आपल्या विद्यालयाच्या पालकसभेत एक प्रस्ताव चर्चेस आला होता. क्रीडानैपुण्याच्या आधारे दूरच्या प्रांतांतील, आणि शक्य झाल्यास शेजारच्या देशांतीलही, काही विद्यार्थ्यांना वसतिगृहात प्रवेश द्यावा आणि त्यांच्या साह्याने रग्बीसारखा नवा खेळ नेरूळमध्ये रुजवावा, असे त्याचे स्वरूप होते. अनेकांनी टाळ्या वाजवल्या. मागील रांगेतील एका मातेने मात्र उभे राहून विचारले, “सर, त्या लेकराचा गुडघा मोडला, तर तुम्ही त्याला ठेवून घ्याल, की घरी धाडाल?” सभेत त्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही, मीही दिले नाही. हा लेख त्या मौनातून लिहिला आहे.

प्रथम खेळाविषयी थोडे. एका बाजूस पंधरा खेळाडू, लंबगोल चेंडू, आणि एक विलक्षण नियम: हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. पुढे जायचे असेल तर चेंडू छातीशी धरून धावायचे, आणि साथीदाराकडे तो द्यायचा तर मागे किंवा बाजूलाच द्यायचा. चेंडूधारकास पकडून खाली पाडण्याची मुभा प्रतिपक्षास असते. कबड्डी खेळलेल्या आपल्या मुलांना हे अंग लवकर साधते. प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो, त्याचे पाच गुण. दंडाची लाथ दोन खांबांमधून आडव्या दांडीवरून गेली तर तीन. खेळ अंगावर येणारा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूने तत्काळ मैदान सोडावे, असा दंडक शालेय रग्बीत आहे. ज्या शाळेला हा दंडक पाळणे जमणार नाही, तिने हा खेळ सुरूच करू नये.

परदेशी विद्यार्थ्यांना रग्बीसाठी आणण्याची परंपरा ज्या देशात सर्वाधिक रुजली आहे, तो जपान. तिचा उगम मोठा मौजेचा आहे. आज नेरूळच्या प्रत्येक सेक्टरमध्ये ज्या अबॅकसच्या शिकवण्यांच्या पाट्या दिसतात, तोच मणिफळा यास कारणीभूत झाला. प्रशांत महासागरातील टोंगा या छोट्या राज्याचे राजे तौफाआहाउ तुपोउ चौथे यांना जपानी मणिफळ्याचे मोठे आकर्षण होते. ते तंत्र शिकण्यासाठी १९८० मध्ये नोफोमुली तौमोएफोलाउ आणि होपोई ताइओने हे दोन तरुण तोक्योतील दाइतो बुंका विद्यापीठात आले. मणी सरकवता सरकवता ते रग्बी खेळू लागले आणि पुढे दोघेही जपानच्या राष्ट्रीय संघातून खेळले. त्यांच्यामागून टोंगाची मुले येत राहिली. यथावकाश ही वाट माध्यमिक शाळांपर्यंत पोहोचली. तोक्योतील मेगुरो गाकुइन ही शाळा तर टोंगाच्या विद्यार्थ्यांसाठीच ओळखली जाते. बौद्ध वाचकांना आणखी एक नाव सांगावेसे वाटते. क्योतोतील हानाझोनो विद्यापीठ हे रिन्झाई झेन परंपरेचे. टोंगाचा अमानाकी लेलेइ माफी तेथे शिकला आणि २०१५ च्या विश्वचषकात जपानकडून खेळला. (शालेय रग्बीची राष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी डिसेंबरअखेरीस ज्या हानाझोनो मैदानावर सुरू होते, ते मात्र ओसाकाजवळचे, नामसाधर्म्याने घोटाळा होऊ नये.)

या परंपरेतील सर्वांत बोलके उदाहरण मायकेल लीच यांचे. वडील न्यूझीलंडचे, आई फिजीची. २००४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, क्राइस्टचर्चची शाळा सोडून हा मुलगा होक्काइदोच्या बर्फाळ प्रदेशातील साप्पोरो यामानोते या शाळेत दाखल झाला. तेव्हा तो धिप्पाडही नव्हता आणि कीर्तिवंतही नव्हता. स्थानिक कुटुंबांच्या घरी राहून, त्यांच्याच पंगतीला जेवून तो जपानी भाषा शिकला. पुढे तोकाई विद्यापीठात पदवीचे शिक्षण, २०१३ मध्ये जपानचे नागरिकत्व, आणि त्यानंतर राष्ट्रीय संघाचे नेतृत्व.

१९ सप्टेंबर २०१५ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे जपानची गाठ दोनदा विश्वविजेत्या ठरलेल्या दक्षिण आफ्रिकेशी पडली. सामना संपत आला तेव्हा जपान २९–३२ असे मागे होते आणि दंडाची लाथ मारण्याची संधी मिळाली. तीन गुण घेतले असते तर बरोबरी हमखास होती. कर्णधार लीच यांनी बरोबरी नाकारली, स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या आघाडीच्या खेळाडूंनी खांद्याला खांदा भिडवून करायची रेटारेटी, मागितली, आणि अखेरच्या क्षणी ट्राय होऊन जपानने ३४–३२ असा विजय मिळवला. रग्बीच्या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित निकालांत त्याची गणना होते. २०१९ मध्ये स्वदेशी भरलेल्या विश्वचषकात जपान प्रथमच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. त्या संघातील निम्म्याच्या आसपास खेळाडू परदेशात जन्मलेले होते.

एवढे वाचून प्रस्तावाच्या बाजूने हात वर करावासा वाटेल. परंतु नाण्याची दुसरी बाजू जपाननेही अनुभवली आहे. बाहेरून आणलेली दोन बलदंड मुले सामना फिरवतात, मग गावच्या मुलांनी काय करावे, हा आक्षेप तेथे सतत घेतला जातो. त्यामुळे शालेय स्पर्धांत परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आहे. मला ही मर्यादा योग्य वाटते, पण कारण निराळे. ती केवळ स्थानिक मुलांचे रक्षण करत नाही. शाळेचा लोभही आवरते. चषकाची चटक लागलेल्या संस्थेला विद्यार्थी दिसत नाही, त्याची मांडी आणि खांदे दिसतात.

आपल्या देशातील जवळचे उदाहरण ओडिशाचे आहे. भुवनेश्वर येथील कलिंग समाजविज्ञान संस्था ही आदिवासी मुलांची निवासी शाळा. रग्बीचा चेंडू ज्यांनी काही महिन्यांपूर्वीपर्यंत पाहिलाही नव्हता, अशा तेथील मुलांनी २००७ मध्ये लंडनला जाऊन चौदा वर्षांखालील आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली. ‘जंगल क्राय’ हा चित्रपट त्यावरच बेतलेला आहे. त्याच संस्थेत शिकलेली सुमित्रा नायक पुढे भारताकडून खेळली. जून २०१९ मध्ये मनिला येथे भारतीय महिलांनी सिंगापूरला २१–१९ असे हरवून पंधरा जणींच्या रग्बीतील आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय नोंदवला, त्या संघात ती होती. येथे विजयाइतकीच महत्त्वाची बाब अशी की, ती मुले खेळण्यासाठी शाळेत आलेली नव्हती. ती शिकण्यासाठी आली होती आणि खेळ त्यांना तेथे भेटला.

मुंबईतही असेच घडले. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर रग्बी खेळणारे मॅथ्यू स्पेसी यांनी बाहेर उभे राहून पाहणाऱ्या रस्त्यावरच्या मुलांना खेळायला आत बोलावले. त्यातूनच १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था आकारास आली. कुंपणाबाहेरच्या मुलाला आत घेणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आता एक व्यक्तिगत आठवण, जी मी त्या सभेत सांगायला हवी होती. फार वर्षांपूर्वी मी एका वसतिशाळेत नोकरीस होतो. विदर्भातून कबड्डीसाठी आणलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. दोन हंगाम तो संघाचा आधार होता. सरावापायी त्याचे गणिताचे तास बुडत, आणि हजेरी मात्र भरली जाई. त्या हजेरीवर माझीच सही असे. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. दिवाळीच्या सुट्टीसाठी घरी गेलेल्या त्या मुलाला परत बोलावण्यात आले नाही. त्याची पत्र्याची पेटी मार्च महिन्यापर्यंत वसतिगृहाच्या जिन्याखाली पडून होती.

नेरूळला मैदानांचे अप्रूप नाही. येथील डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तो आपल्या कित्येक विद्यार्थिनींनी पाहिला. गवत आहे, पावसाळ्यातील मऊ चिखल आहे, आणि पाडापाडीशिवाय केवळ स्पर्शाने खेळायच्या ‘टच रग्बी’पासून आरंभ केला तर फारसा खर्चही नाही. दूरच्या मुलांना प्रवेश देण्यासही माझा विरोध नाही. मात्र त्या मुलाला पहिली सहा महिने मराठी व हिंदी शिकवणारा शिक्षक हवा. सणासुदीला त्याला आपल्या घरी नेणारे एक पालक कुटुंब हवे. आणि दुखापत झाली तरी बारावीपर्यंतचा प्रवेश, भोजन व औषधोपचार अबाधित राहील, असे लेखी आश्वासन त्याच्या आईवडिलांच्या हाती, त्यांना वाचता येईल अशा भाषेत, पडायला हवे.

व्यवस्थापन समितीची बैठक जूनमध्ये आहे. प्रवेश-अर्जाच्या मसुद्यात उंची, वजन आणि क्रीडाप्रमाणपत्रांचे रकाने आधीच छापलेले होते. त्यांच्या वर ‘मातृभाषा’ आणि ‘पुढे काय शिकण्याची इच्छा आहे’ असे दोन रकाने मी वाढवून दिले आहेत, आणि सभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या मातेस बैठकीचे निमंत्रण पाठवावे, अशी विनंतीही सोबत जोडली आहे.